गारीपच्या काठची नावं कुणाची?

डिसेंबर २०२३ मध्ये भारताचा क्रिकेट संघ दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होता. एक टी-ट्वेंटी आणि एक एकदिवसीय सामना ज्या शहरात झाला, त्याचं नाव देवनागरीत कसं लिहावं यावर आपल्याकडे अजून एकमत नाही. गेबेऱ्हा, गकेबेरा, क्वेबेऱ्हा, जो तो आपापल्या परीने लिहितो आणि बरेच जण जुनं ‘पोर्ट एलिझाबेथ’च वापरतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये हे नाव बदललं. शहरातून बाकेन्स नावाची छोटी नदी वाहते. तिचं खोसा भाषेतलं नाव शहराला दिलं गेलं. त्या नावाचं मूळ खोसाच्याही मागे, खोएखोए भाषेत असावं असं मानलं जातं. त्याच वेळी शेजारच्या आयटनहेगचं कारिएगा झालं, तेही खोएखोए वळणाचं. विरोधात सह्यांची मोहीम निघाली. नाव उच्चारता येत नाही, पाट्या बदलायला पैसा लागतो, पर्यटक गोंधळतील, असे मुद्दे आले. बाजूने बोलणाऱ्यांनी न्याय, अस्मिता आणि इतिहास हे शब्द वापरले.

या वादात मी नाव बदलणाऱ्यांच्या बाजूचा आहे. पण माझी तक्रारही त्यांच्याशीच आहे. मोठ्या शहराचं नाव बदललं की काम झालं असं मानलं जातं. खोएखोए लोकांनी दिलेली नावं मात्र शहरांना फारशी नव्हतीच. ती होती नद्यांना, झऱ्यांना, खिंडींना, नदी ओलांडायच्या उतारांना आणि गुरं बसवायच्या जागांना. त्यांतली शेकडो नावं आजही दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या नकाशावर, शेतांच्या सातबाऱ्यासारख्या सरकारी नोंदींत जिवंत आहेत, पण अर्थ हरवलेल्या, मोडक्या रूपात. ही नावं म्हणजे जमिनीच्या जुन्या वहिवाटीचा पुरावा आहे. तो पुरावा वाचू शकणारी भाषा शाळेत शिकवल्याशिवाय नावं ‘परत’ दिली असं म्हणता येणार नाही.

आधी ही माणसं कोण ते सांगायला हवं. खोएखोए हे मेंढ्या आणि गुरं पाळणारे लोक. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला मेंढ्या पोचल्या त्याला सुमारे दोन हजार वर्षं झाली. ऋतूप्रमाणे चाऱ्या-पाण्यामागे फिरायचं तर कुठला झरा उन्हाळ्यात आटतो, कुठलं पाणी मचूळ आहे, कळप कुठून पार करता येतो, हे सगळं ठाऊक असावं लागतं, आणि ते ज्ञान नावांत साठवलेलं होतं. पाण्यासाठीचा शब्द मराठी कानाला ‘गाम’ किंवा ‘कामा’सारखा ऐकू येतो. तो कैस्कामा, गौकामा, त्सित्सिकामा या नद्यांच्या आणि प्रदेशांच्या नावांत सापडतो. नामिबियाची राजधानी विंटहुक हिचं खोएखोए नाव म्हणजे ‘अग्नी-जल’, कारण तिथे गरम पाण्याचे झरे होते. गारीप, म्हणजे नकाशावरच्या ऑरेंज नदीच्या काठच्या कैमूस गावाचं नाव ‘मोठा डोळा’. तिथे डोळा म्हणजे जमिनीतून फुटणारा झरा. ओकीप हे तांब्याच्या खाणींचं गाव, त्याचा अर्थ मोठी मचूळ जागा. ज्या ओसाड पठारावरून आपण ‘कारू’ हा शब्द भूगोलात शिकलो, तोही याच भाषेतून आलेला, कोरडं आणि कडक या अर्थाचा.

नामिबियाचा नकाशा पुढ्यात घेतला तर आणखी एक गोष्ट दिसते. कुइसेब, नोसोब, औओब, उगाब या सगळ्या नद्या, आणि सगळ्यांच्या शेवटी ‘ब’. औस, गोबाबिस, आणि सीमेपलीकडे दक्षिण आफ्रिकेत गारीस, काकामास ही गावं, त्यांच्या शेवटी ‘स’. खोएखोए भाषेत पुल्लिंगी एकवचनी नामाला ‘ब’ लागतो, स्त्रीलिंगी नामाला ‘स’. म्हणजे वाळवंटातल्या कोरड्या नदीपात्राच्या नावातही व्याकरण शाबूत आहे. डच आणि आफ्रिकान्स बोलणाऱ्यांच्या तोंडी शब्दाच्या शेवटचा ‘ब’ ‘प’सारखा ऐकू येतो, म्हणून ‘गारिब’चा गारीप झाला आणि ‘त्सोआखाउब’चा स्वाकोप. कागदावर ऐकून लिहिणाऱ्या कारकुनाचा कान कुठल्या भाषेचा होता, तेही या नावांवरून कळतं.

जे लिहिता आलं नाही ते मात्र गेलं. खोएखोएमध्ये जिभेने काढायचे चार मूळ क्लिक ध्वनी आहेत. हळहळताना आपण दातांमागून जीभ ओढून ‘च्च’ करतो, किंवा बैल हाकताना गालाच्या कडेने आवाज काढतो, तसे. आपल्याकडे ते शब्दांत येत नाहीत. त्यांच्याकडे ती पूर्ण व्यंजनं आहेत, आणि घसा-नाकाच्या साथीने त्यांची वीस व्यंजनं होतात. शिवाय सूर बदलला की शब्द बदलतो. डच कारकुनाने यातलं काहीच टिपलं नाही, किंवा कुठे ‘ट’, कुठे ‘क’ असं काहीतरी लिहून भागवलं. त्यामुळे मुळातले चार वेगळे शब्द कागदावर एकसारखे दिसू लागले. गामका नदीचं उदाहरण घ्या. ‘गाम’ दिसलं की पाणी असं कुणीही म्हणेल. पण इथे मूळ शब्द ‘ख़ाम’ आहे, म्हणजे सिंह. डच ‘ग’चा उच्चार घशातून घासत येणाऱ्या ‘ख़’सारखा होतो, म्हणून डच माणसाने ‘ग’ लिहिला तेव्हा बरोबरच लिहिलं होतं. पुढच्या वाचकांनी तो आपल्या ‘ग’सारखा वाचला. जुन्या डच नोंदींत हीच नदी ‘सिंहांची नदी’ म्हणूनही येते, म्हणून आज खात्रीने सांगता येतं. सगळ्याच नावांच्या नशिबी अशी दुहेरी नोंद नव्हती.

माझ्या मते या सगळ्या साठ्यात सर्वांत बोलकी आहेत ती वाटांची नावं. खोएखोएमध्ये वाट, खिंड, उतार या अर्थी ‘दाओस’ किंवा ‘दाओब’ असा शब्द आहे. केपटाउनच्या पूर्वेला डोंगरांची भिंत आहे. तिच्यावरून पलीकडे जाणारी एक जुनी वाट होती, नाव गांटाउ. ‘गान’ म्हणजे एलंड, हे मोठ्या हरणासारखं जनावर, आणि ‘टाउ’ हे त्याच दाओबचं डच रूप. एलंडांचे कळप जिथून डोंगर चढत, तिथून मेंढपाळ चढू लागले, आणि मग गोऱ्या वसाहतवाल्यांच्या बैलगाड्या. चढ इतका उभा होता की गाड्यांची लोखंडी धाव लागून खडकात चाकोऱ्या पडल्या. त्या चाकोऱ्या आजही तिथे आहेत, हात घालून खोली बघता येते. १८३० मध्ये गव्हर्नर सर गॅल्ब्रेथ लोरी कोल यांच्या काळात शेजारून नवा घाट झाला आणि त्याला ‘सर लोरीज पास’ हे नाव पडलं. आज मोटारीने जाणाऱ्या माणसाला गव्हर्नर माहीत असतो, एलंड माहीत नसतो. आणि ज्या डोंगररांगेत हा घाट आहे तिच्या नावात खोएखोए लोकांसाठी वापरली जाणारी जुनी डच शिवी अजून तशीच आहे.

आणखी पूर्वेला ट्राडाउ खिंड आहे. ‘तारा’ म्हणजे स्त्री, ट्राडाउ म्हणजे बायकांची वाट. लांगक्लूफ या लांबलचक खोऱ्यात कारीडाउ गाव आहे, कारी नावाच्या झाडांची खिंड. आणि गारीपच्या काठी, नामिबियाच्या सीमेवर गुडहाउस नावाची जागा आहे. नकाशात हे नाव पाहून कुणालाही वाटेल की एखाद्या इंग्रज मिशनऱ्याने किंवा व्यापाऱ्याने चांगलं घर बांधलं असणार. प्रत्यक्षात ते ‘गुदाओस’ आहे, मेंढ्यांचा उतार. रखरखीत प्रदेशातून मेंढरं घेऊन येणाऱ्याला नदी ओलांडायला इथे जागा होती, एवढीच माहिती त्या नावात होती आणि तेवढी पुरेशी होती. गांटाउ, ट्राडाउ, कारीडाउ, गुडहाउस ही चार नावं एकाच धाग्यातली आहेत हे एकदा कळलं, की नकाशावर पुसून टाकलेलं वाटांचं जाळं पुन्हा उमटायला लागतं. कुठे आधी जनावरं चढत, कुठून बायका जात, कुठे कळप पाण्यात उतरवायचा. हे रिकाम्या जमिनीचं वर्णन नव्हे. आणि ‘आम्ही आलो तेव्हा जमीन रिकामी होती’ हा दावा दक्षिण आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या शाळेत शिकवला गेला.

या लोकांनी जमीन सहज सोडली असाही समज नको. दाभोळच्या वाचकाला इथे आपला धागा सापडेल. पोर्तुगिजांचा हिंदुस्थानातला पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा. मार्च १५०८ मध्ये चौलच्या लढाईत त्याचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. डिसेंबरात आल्मेदाने दाभोळ जाळलं, पुढच्या फेब्रुवारीत दीवची लढाई जिंकली आणि तो मायदेशी निघाला. वाटेत टेबल बेवर पाण्यासाठी थांबला असता त्याच्या माणसांनी खोएखोएंची गुरं लुबाडायचा प्रयत्न केला. १ मार्च १५१० रोजी तिथल्या पुळणीवर खोएखोएंनी गुरांचा आडोसा करून हल्ला केला आणि आल्मेदा साठाहून अधिक माणसांसह मारला गेला. कोकणचा किनारा ज्याने बेचिराख केला, त्याला मेंढपाळांनी लोळवलं. पण ज्या जागी हे घडलं ती युरोपीय नकाशांवर कितीतरी काळ ‘सालदान्याचा पाणवठा’ म्हणून राहिली, कारण १५०३ मध्ये आंतोनियो द सालदान्या नावाचा एक पोर्तुगीज कप्तान तिथे पाणी भरायला थांबला होता. डचांनी पुढे ते नाव उत्तरेकडच्या दुसऱ्याच उपसागराला चिकटवलं. पिंप भरायला थांबलेल्याचं नाव आजही नकाशावर आहे.

डच ईस्ट इंडिया कंपनीचा यान फान रीबेक १६५२ मध्ये आला. सात वर्षांत युद्ध पेटलं, कारण कंपनीच्या माणसांनी नांगर धरला तो गुरांच्या कुरणावर. १६६० मध्ये तह झाला, त्याची हकिगत फान रीबेकच्या रोजनिशीतच आहे. खोएखोए मुखियांनी विचारलं की आम्ही हॉलंडला आलो असतो तर असं करू दिलं असतं का, आणि जमीन अपुरी पडत असेल तर मागे कोणी हटायचं, खऱ्या मालकाने की परक्याने? उत्तर मिळालं की जमीन युद्धात जिंकलेली आहे आणि ती आता आमची आहे. मग हद्दीवर कडू बदामांचं कुंपण लावलं गेलं. त्याचा थोडा भाग केपटाउनच्या किर्स्टनबोश उद्यानात अजून उभा आहे. १७१३ मध्ये जहाजावरच्या कपड्यांतून देवीची साथ आली आणि केपच्या आसपासच्या खोएखोए वस्त्या जवळजवळ मोकळ्या झाल्या.

शेतांची नावं तयार झाली ती याच काळात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून कंपनी वर्षाच्या भाड्याने ‘कर्जाऊ शेतं’ देऊ लागली. मोजणी साधी होती. झऱ्यापाशी किंवा घराच्या जागेपाशी मध्य धरायचा आणि घोडा चालीने सोडून चारी बाजूंना अर्धा-अर्धा तास जायचं. एवढ्या आवाक्यात सहा हजार एकरांहून अधिक जमीन येते. नोंदीत जागा ओळखता यावी म्हणून तिथल्या पाण्याचं नाव लिहिलं जाई. नवा आलेला गोरा माणूस ते नाव कुणाला विचारणार? जो आधीपासून तिथे गुरं राखत होता त्यालाच. त्याने सांगितलं, कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, आणि मागे ‘फोंटेन’, ‘क्राल’ किंवा ‘रिफिर’ असा डच शब्द जोडला. नाव सरकारी दप्तरात गेलं, जमीन भाडेकऱ्याकडे गेली आणि नाव सांगणारा त्याच शेतावर गुराखी म्हणून राहिला. दोन-तीन पिढ्यांत त्याच्या मुलांची भाषाही गेली आणि केपमधली खोएखोए भाषा आफ्रिकान्समध्ये विरली.

आजही तिथल्या प्रत्येक शेताला नाव, क्रमांक आणि विभाग असतो, आणि खरेदीखतावर तो लिहिला जातो. म्हणूनच मी म्हणतो की शेतांच्या नोंदवह्या हा खोएखोए लोकांच्या जमीन-संबंधाचा सर्वांत मोठा लेखी दस्तऐवज आहे, आणि तो त्यांना बेदखल करणाऱ्यांनीच नकळत जपून ठेवला आहे.

नदीचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. दक्षिण आफ्रिकेची सर्वांत लांब नदी लेसोथोच्या डोंगरांत उगवून सुमारे २२०० किलोमीटर पश्चिमेला वाहत अटलांटिकला मिळते. काठच्या लोकांसाठी ती ‘गारिब’ होती. शब्दाचा अर्थच नदी, मोठी नदी. १७७९ मध्ये कंपनीच्या सैन्यातला रॉबर्ट जेकब गॉर्डन तिच्या काठी गेला आणि त्याने हॉलंडच्या ऑरेंज राजघराण्याचं नाव तिला दिलं. त्यात रंगाचा किंवा संत्र्याचा काही संबंध नाही, जरी आपल्याकडच्या भूगोलाच्या वर्गात अनेकांना तसं वाटून गेलं असेल. १९७१ मध्ये या नदीवर देशातलं सर्वांत मोठं धरण पूर्ण झालं. त्याला वर्णद्वेषी राजवटीचा शिल्पकार पंतप्रधान हेंड्रिक फर्वूर्टचं नाव दिलं गेलं. लोकशाही आल्यावर १९९६ मध्ये ते गारीप धरण झालं. त्याआधीच ऑरेंज फ्री स्टेट या प्रांताच्या नावातला ‘ऑरेंज’ही गेला होता. पण नदी मात्र अधिकृत नकाशावर अजून ऑरेंजच आहे. म्हणजे ऑरेंज नदीवर ‘नदी’ नावाचं धरण उभं आहे. नदीला तिचं नाव परत देणं हे दक्षिण आफ्रिकेतल्या सगळ्या नामांतरांमध्ये सर्वांत सोपं आणि सर्वांत निर्विवाद काम होतं. अर्थ नक्की आहे, मूळ नक्की आहे, ती भाषा बोलणारी माणसं आजही त्याच नदीच्या काठी राहतात, आणि कैमूस-काकामासच्या नगरपालिकेचं नावच ‘थोरली नदी’ असं त्याच शब्दाचं आहे. तरीही ते झालेलं नाही. मला याचा राग येतो.

नामिबियात प्रश्न अधिक धारदार आहे. १८८३ मध्ये ब्रेमेनचा व्यापारी आडोल्फ ल्यूडरिट्झ याने बेथनीच्या नामा लोकांचा (हे खोएखोएंपैकीच) प्रमुख योसेफ फ्रेडरिक्स याच्याकडून किनारपट्टी विकत घेतली. करारात रुंदी वीस मैल लिहिली होती. फ्रेडरिक्सला ठाऊक होता तो इंग्रजी मैल, दीड-पावणेदोन किलोमीटरचा. ल्यूडरिट्झने मोजला तो सात किलोमीटरांहून मोठा जर्मन मैल. १८८६ मध्ये ल्यूडरिट्झ गारीपच्या मुखाकडून समुद्रमार्गे परतताना बेपत्ता झाला, पण गावाला त्याचं नाव लागलं. १९०४ ते १९०८ मध्ये जर्मनांनी केलेल्या संहारात हेरेरो आणि नामा लोकांच्या छळछावण्यांपैकी एक याच गावाच्या बंदरातल्या शार्क बेटावर होती. नामांपैकी सुमारे निम्मे लोक त्या काळात मेले. मग त्यांची जमीन सरकारजमा झाली आणि जर्मन वसाहतवाल्यांना शेतं म्हणून वाटली गेली. २०१३ मध्ये नामिबिया सरकारने या भागाला त्याचं खोएखोए नाव द्यायचं ठरवलं तेव्हा गावातूनच विरोध झाला. अखेर मतदारसंघाला नाव मिळालं, गाव ल्यूडरिट्झच राहिलं.

हा विरोध मी हलक्यात घेत नाही. त्या गावाची रोजीरोटी जर्मन पर्यटकांवर बरीच अवलंबून आहे. आणि दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकान्स बोलणारे लाखो ‘कलर्ड’, म्हणजे मिश्र वंशाचे लोक स्वतः खोएखोएंचे वंशज आहेत. त्यांच्या तीन-चार पिढ्या ज्या गावाला आफ्रिकान्स नावाने हाक मारत आल्या, ते गावही त्यांचंच आहे. त्यांना विचारल्याशिवाय प्रिटोरियातून नाव बदलून पाठवणं हा न्याय नव्हे. खोसा भाषिकांचंही तसंच. पूर्व केपमधल्या अनेक नद्यांची खोएखोए नावं खोसांच्या तोंडी शतकानुशतकं राहिली, आणि विशेष म्हणजे डचांच्या लेखणीने सांडलेला क्लिक ध्वनी खोसांच्या जिभेने सांभाळला. अशा नावावर एकाच समाजाचा शिक्का मारता येत नाही आणि मारूही नये.

तिसरा आक्षेप अर्थाच्या अनिश्चिततेचा आहे, आणि इथे नामांतरवाद्यांनी जास्त काळजी घ्यायला हवी. खोएखोए नाव दिसलं की माहितीपत्रकात एखादा गोड अर्थ छापला जातो. नाइस्ना या सुंदर गावाच्या नावाचे एकमेकांशी न जुळणारे कितीतरी अर्थ सांगितले जातात, आणि प्रत्येक जण आपलाच खरा म्हणतो. क्लिक आणि सूर हरवल्यावर काही नावांचा अर्थ आता सापडणारच नाही, तिथे तसं स्पष्ट लिहावं. दुसरीकडे जे अर्थ नक्की आहेत ते गोड करून सांगू नयेत. स्वाकोप या नावात शरीरातल्या मलद्वाराचा आणि विष्ठेचा शब्द आहे. कारण सोपं आहे. एरवी कोरड्या पडलेल्या या नदीला पूर आला की ती गाळ, शेण, मेलेली झाडंझुडपं असं सगळं ढकलत समुद्रात ओतते. ज्याने तो पूर डोळ्यांनी पाहिला त्याने हे नाव दिलं. स्वाकोपमुंड या टुमदार पर्यटनगावात हा अर्थ दडपला जातो, आणि तो दडपताना नाव देणाऱ्याची नजरही दडपली जाते. आम्ही तुमची संस्कृती मानतो असं म्हणायचं आणि तिच्यातलं फक्त मधुर तेवढं वेचायचं, हा आदर नव्हे.

आता जमिनीकडे येतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे. दक्षिण आफ्रिकेचा १९९४चा जमीन परतफेड कायदा १९ जून १९१३ नंतर हिरावलेल्या जमिनींपुरताच आहे. त्या दिवशी निघालेल्या जमीन कायद्याने काळ्या लोकांना ठरावीक भागाबाहेर जमीन घ्यायला बंदी केली, म्हणून ती तारीख. पण केपमधल्या खोएखोएंची जमीन त्याआधी दोनशे-अडीचशे वर्षांपासून जात होती. म्हणजे ज्यांनी सर्वांत आधी गमावलं, ते कायद्याच्या दारातच अडतात. याला मोठा अपवाद रिख्टर्सफेल्डचा. गारीपच्या दक्षिण काठच्या या डोंगराळ भागात नामा लोक राहतात. तिथे १९२० च्या दशकात हिरे सापडले आणि सरकारने जमीन ताब्यात घेतली. समाज न्यायालयात गेला. ऑक्टोबर २००३ मध्ये संविधान न्यायालयाने निकाल दिला की ब्रिटिशांनी १८४७ मध्ये प्रदेश खालसा केल्याने नामांची पारंपरिक मालकी संपली नव्हती, आणि त्या मालकीत जमिनीखालच्या खनिजांचाही हक्क येतो. तिथे मालकी ठरली ती कागदावरून नव्हे, लोक जमीन कशी वापरत आणि तिचं नियमन कसं करत यावरून.

हाच विचार पुढे नेला तर पाणवठ्यांची, खिंडींची, उतारांची नावं पुराव्याच्या पंगतीत बसतात. जमीन कशी वापरली जात होती, हे ‘मेंढ्यांचा उतार’ या नावाइतकं थेट दुसरं काय सांगेल? १९१३ची अट सैल करायची की नाही हा संसदेचा प्रश्न आहे. मला वाटतं ती खोएखोए आणि सान (तिथले मूळचे शिकारी लोक) समाजांसाठी सैल व्हायलाच हवी. पण त्याची वाट न पाहता शेतांच्या नोंदींवर काम सुरू करता येईल. शेताचं नाव बदलायची गरज नाही, शेतकऱ्याला घाबरवायचीही नाही. मूळ नाव, शक्य असेल तिथे क्लिकसह अचूक लेखन, अर्थ, आणि अर्थ नक्की आहे की अंदाज, एवढा एक रकाना नोंदीत हवा. भौगोलिक नावांची परिषद १९९८ च्या कायद्याने आहेच. तिला हे काम देता येईल.

पण ते करणार कोण? नकाशासमोर बसून ऐकायचं आणि ओळखायचं तर ही भाषा येणारी माणसं हवीत. नामिबियात खोएखोएगोवाब, म्हणजे खोएखोए भाषा, सुमारे दोन लाख लोक बोलतात, ती शाळेत शिकवली जाते, रेडिओवर ऐकू येते. दक्षिण आफ्रिकेत ती रिख्टर्सफेल्ड, रीमफासमाक अशा थोड्या जागी उरली आहे. रीमफासमाकची कहाणी तर विलक्षण आहे. १९७३-७४ मध्ये सरकारने तिथल्या नामा-दामारा लोकांना उचलून नामिबियात नेऊन सोडलं, आणि १९९४ नंतर ते परत आले तेव्हा त्यांच्यासोबत भाषाही परत आली. हाकलून दिल्यामुळे ज्यांची भाषा वाचली, त्यांच्या मुलांना आज गावच्या शाळेत तीच भाषा नीट मिळावी, एवढं तरी सरकारकडून व्हायला हवं. १९९६ च्या संविधानाच्या सहाव्या कलमात खोई, नामा आणि सान भाषांना चालना देण्याचं बंधन लिहिलेलं आहे. पण २०२३ मध्ये बारावी अधिकृत भाषा म्हणून दक्षिण आफ्रिकी खुणांची भाषा आली, ते योग्यच झालं, तेव्हाही या भाषा यादीबाहेरच राहिल्या.

केपटाउन विद्यापीठात २०१९ मध्ये खोएखोएगोवाबचा छोटा अभ्यासवर्ग सुरू झाला. शिकायला येणाऱ्यांत आफ्रिकान्स घरांत वाढलेले, आजी-आजोबांची भाषा शोधणारे लोकही आहेत. अशा माणसांना नामिबियातल्या शिक्षकांसोबत बसवून, एकेका जिल्ह्याच्या शेतांच्या याद्या वाचायला द्याव्यात. रिख्टर्सफेल्डमधल्या म्हाताऱ्या मेंढपाळांना गाडीत घालून त्या त्या पाणवठ्यावर न्यावं, त्यांच्या तोंडचा उच्चार ध्वनिमुद्रित करावा. संगणकात क्लिकची चिन्हं आता आहेत, तरी सरकारी कागदांवर त्यांच्याजागी तिरप्या रेघा आणि उद्गारचिन्हं टाकून वेळ मारून नेली जाते. नोंदणी कार्यालयांना ती चिन्हं वापरणं बंधनकारक करावं. आणि हे सगळं चालू असताना पहिला अर्ज नदीचा करावा, म्हणजे लेसोथोच्या सीमेपासून अटलांटिकपर्यंतच्या प्रत्येक पुलावर गारीप असं लिहिलेलं असेल.